जमीन दोघांची, कर्म एकाचं

पुण्याहून साताऱ्याकडे निघणारा महामार्ग कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड करत बेंगळुरूला पोचतो आणि तिथून पूर्वेला वळून चेन्नईकडे जातो. क्रमांक शेवटपर्यंत एकच: ४८. चेन्नई सुमारे ४० किलोमीटर उरलेलं असताना या रस्त्यावर श्रीपेरुंबुदूर लागतं. आसपास मोटारींचे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे कारखाने आहेत, कंटेनरची अखंड ये-जा असते. आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर हे नाव पडलं ते २१ मे १९९१ च्या रात्रीमुळे. राजीव गांधींची हत्या इथे झाली. त्याआधी कित्येक शतकं मात्र हे गाव एका माणसाचं जन्मगाव म्हणून ओळखलं जात होतं. संस्कृत ग्रंथांतली ही भूतपुरी. परंपरेने दिलेलं साल १०१७, वडील आसुरी केशव सोमयाजी, आई कांतिमती, आणि मुलगा रामानुज.

रामानुजाचार्य म्हटलं की आपल्याला विशिष्टाद्वैत हा जड शब्द आठवतो, किंवा भक्तिमार्गाच्या इतिहासातलं एक प्रकरण. मला त्यांच्याकडे नीतिशास्त्राचे अध्यापक म्हणून पाहावंसं वाटतं. त्यांनी एक प्रश्न आयुष्यभर सोडला नाही, आणि तो आपल्या घराघरांतला आहे. पीक चांगलं आलं, मुलगी परीक्षेत पहिली आली, की आजी हात जोडून म्हणते, कर्ता करविता तो, आपण निमित्तमात्र. ऐकायला किती छान वाटतं. पण हेच वाक्य चोराने फौजदारासमोर म्हटलं तर? चांगलं घडलं की करवणारा देव आणि वाईट घडलं की करणारा माणूस, अशी वाटणी कोणत्या न्यायाने करायची? देव खरंच सगळं करवत असेल तर पापपुण्याचा हिशोब माणसाच्या नावावर का मांडायचा?

हा प्रश्न रामानुजांना इतरांहून जास्त का टोचला असेल, हे कळायला त्यांची वाटचाल थोडी पाहायला हवी. शिक्षणासाठी ते कांचीपुरमला यादवप्रकाश या नावाजलेल्या वेदान्त्याकडे गेले. उपनिषदांतल्या वाक्यांच्या अर्थावरून गुरुशिष्यांचं बिनसलं आणि ते वेगळे झाले. पुढे श्रीरंगमला मठाची आणि मंदिराच्या कारभाराची धुरा त्यांच्याकडे आली, तरी त्यांनी शिकणं थांबवलं नाही. एकामागून एक पाच आचार्यांपुढे ते विद्यार्थी म्हणून बसले. ब्रह्मसूत्रांवर ‘श्रीभाष्य’ लिहिण्यासाठी बोधायनाची जुनी वृत्ती पाहायला ते काश्मीरपर्यंत गेले, पोथी सोबत नेता आली नाही, पण शिष्य कुरेशाने ती पाठ करून घेतली होती, असं परंपरा सांगते. चोळ राजाच्या रोषामुळे श्रीरंगम सोडावं लागलं तेव्हा होयसळांच्या मुलखात, मेलकोट्याला, त्यांनी नव्याने सगळं उभं केलं आणि नंतर ते परत आले. नऊ ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. परंपरेने १२० वर्षांचं आयुष्य त्यांच्या पदरात टाकलं आहे; अनेक अभ्यासकांना हा आकडा फार मोठा वाटतो आणि ते जन्मसाल बरंच पुढे ओढतात.

त्यांच्या विचाराचा कणा असा आहे की हे जग आणि यातले सगळे जीव म्हणजे ईश्वराचं शरीर. हे त्यांनी भावनेच्या भरात म्हटलेलं नाही. आधी शरीर म्हणजे काय, याची काटेकोर व्याख्या केली. एखादा चेतन ज्याला पूर्णपणे धारण करतो, आतून चालवतो आणि जे सर्वस्वी त्या चेतनासाठीच असतं, ते त्याचं शरीर. माझ्या देहाशी माझं जे नातं, तेच माझं ईश्वराशी. जीव खरा, जग खरं, ईश्वर खरा, आणि तरीही ते तीन सुटे तुकडे नाहीत. कल्पना भव्य आहे. पण पापपुण्याचा विचार सुरू केला की हीच कल्पना तिच्या कर्त्याला कोंडीत पकडते. हाताने चोरी केली तर शिक्षा हाताला होत नाही, हात ज्याचा त्याला होते. मी ईश्वराचा अवयव असेन, तर माझ्या चोरीचा धनी कोण?

शंकराचार्यांपुढची अडचण निराळी होती. त्यांच्या मते आत्मा मुळात काही करतच नाही. करतेपण मन, बुद्धी, इंद्रियं या उपाधींमुळे त्याच्यावर आल्यासारखं दिसतं. ब्रह्मसूत्रांत या ठिकाणी एका सुताराचा दाखला आहे, आणि दोन्ही आचार्यांनी त्या एकाच सुताराकडे कसं पाहिलं, हे वाचताना मी थक्क होतो. शंकराचार्यांचा सुतार हातात वाकस-पटाशी असते तोवर राबतो, दमतो. हत्यारं ठेवून घरी गेला की निवांत आणि सुखी होतो. तसा आत्मा उपाधींसह कर्ता, उपाधींविना अकर्ता. रामानुज म्हणतात, जरा नीट पाहा. हत्यारं समोर पडलेली असतानासुद्धा सुतार मनात आलं तर काम करतो, नाही आलं तर करत नाही. करतेपण जर जड बुद्धीचं असतं तर ती कधी थांबलीच नसती, कारण जडाला इच्छा नसते. ज्याला थांबता येतं तो कर्ता.

दाखला एक, सुतार एक. एका आचार्याची नजर विश्रांतीवर गेली, दुसऱ्याची निर्णयावर. शास्त्र सांगतं, हे कर, ते करू नकोस. सांगणं ज्याच्यासाठी आहे तो करू न शकणारा असेल तर सांगण्यालाच अर्थ उरत नाही, असा रामानुजांचा पाया आहे. साधारण सातशे वर्षांनी इमॅन्युएल कांट जर्मनीत याच दिशेने आला: ‘केलं पाहिजे’ म्हणण्यात ‘करता येतं’ हे गृहीतच आहे.

आता मुख्य गाठ. जीव कर्ता आहे हे ठरलं, पण त्याला आतून चालवणारा ईश्वरही आहे, असं श्रुती सांगते. दोन्ही खरं कसं? इथे ‘श्रीभाष्या’त रामानुज जे उदाहरण देतात ते ना आकाशातलं आहे, ना समुद्रातलं. ते मालमत्तेच्या व्यवहारातलं आहे. एखादं धन दोघांच्या सामाईक मालकीचं आहे. त्यातल्या एकाला ते तिसऱ्याला द्यायचं आहे. दुसऱ्याच्या संमतीवाचून ते देता येणार नाही. पण द्यायचं मनात आणलं पहिल्याने, खटपट करून संमती मिळवली पहिल्याने, म्हणून त्या देण्याचं बरंवाईट फळही पहिल्याच्याच पदरात. दुसरा संमतीपुरता.

धनाऐवजी आपण शेतजमीन धरू. सातबाऱ्यावर दोन भावांची नावं आहेत. धाकट्याने आपल्या मनाने जमीन विकायला काढली. थोरल्याची सही नसेल तर व्यवहार होत नाही. सही झाली, जमीन गेली, आणि तो पैसा धाकट्याने उधळला. गावात कोणी थोरल्याला उधळ्या म्हणेल का? तरीही थोरल्याच्या सहीवाचून यातलं काहीच घडलं नसतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. रामानुजांच्या मते ईश्वर त्या संमती देणाऱ्या हिस्सेदारासारखा आहे. शरीर त्याने दिलं, इंद्रियं, शक्ती, बुद्धी त्याने दिली, आत राहून धारणही तोच करतो. पण एखाद्या कृत्याकडे वळण्याचा पहिला प्रयत्न जीवाचा असतो. तो प्रयत्न पाहून ईश्वर अनुमती देतो आणि कृत्य घडतं.

या उदाहरणाचा काळही लक्षात घेण्यासारखा आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा सहावा विक्रमादित्य १०७६ ते ११२६ या काळात राज्य करत होता. त्याच्या राजधानीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. एकत्र कुटुंबाची स्थावर मालमत्ता एकाला एकट्याने विकता येत नाही, हिस्सेदारांची संमती लागते, हा नियम त्या ग्रंथातून आपल्या घरांत आला. महाराष्ट्रातल्या वाटण्या पिढ्यानपिढ्या मुख्यतः त्याच आधारावर झाल्या, आणि मद्रासकडेही मिताक्षराच चालली. दख्खनचा पंडित संमतीचा कायदा मांडत होता, त्याच सुमाराला तमिळ देशातला आचार्य त्याच व्यवहाराच्या आधाराने पापपुण्याची गाठ सोडवत होता. तत्त्वज्ञानाने आपल्या काळातल्या वकिली व्यवहारातून इतकी नेमकी गोष्ट उचलावी, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

रामानुज एवढ्यावर थांबत नाहीत. जो सन्मार्गाकडे वळण्याचा निश्चय करतो त्याला ईश्वर त्या मार्गाची गोडी लावतो, आणि जो अगदी उलट दिशेने जायचं ठरवतो त्याला त्या दिशेचीच गोडी लागते, असं गीतेच्या आधारे ते म्हणतात. म्हणजे पहिलं पाऊल मोकळं, आणि पुढची वाट पावलागणिक उताराची. ॲरिस्टॉटलनेही नीतीवरच्या ग्रंथात जवळपास हेच निरीक्षण नोंदवलं आहे. दगड हातात असताना टाकायचा की नाही हे आपल्या हातात. सुटल्यावर परत बोलावता येत नाही. अन्यायी माणूस सुरुवातीला तसा न होऊ शकला असता, पण होऊन बसल्यावर केवळ वाटलं म्हणून त्याला ते सोडता येत नाही. व्यसनाने वेढलेला माणूस जवळून पाहिलेल्या कोणालाही हे पुस्तकातलं बोलणं वाटणार नाही.

तरीही एक काटा राहतो आणि तो मी लपवणार नाही. जमीन विकून धाकटा भाऊ खुनाची सुपारी देणार आहे, हे थोरल्याला ठाऊक असेल तर? तेव्हाही सही करणारा निर्दोष कसा? ईश्वराला तर सगळंच ठाऊक असतं. रामानुजांचं म्हणणं असं की ईश्वराने सर्वांना सारखीच शक्ती दिली, काय करावं आणि काय टाळावं हे शास्त्रातून सांगितलं, आणि प्रत्येक वेळी हात धरून थांबवलं तर कर्ता म्हणून जीव उरतच नाही. हे उत्तर मला जबाबदारीच्या प्रश्नाला पुरेसं वाटतं, दुःखाच्या प्रश्नाला पुरेसं वाटत नाही. ज्याचा बळी जातो त्याने काय समजायचं, हे या उदाहरणातून कळत नाही.

संमती देणं, साधन पुरवणं आणि आरंभ करणं या तीन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे पुढे श्रीपेरुंबुदूरच्या, राजीव गांधींच्या हत्येच्या खटल्यात न्यायालयाला तोलून पाहावं लागलं. जानेवारी १९९८ मध्ये विशेष टाडा न्यायालयाने २६ आरोपींना, सगळ्यांना, फाशी सुनावली. मे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकाचा वाटा वेगळा पाहिला. चौघांची फाशी कायम झाली, तिघांना जन्मठेप मिळाली, आणि उरलेल्या १९ जणांवरचा खुनाच्या कटाचा आरोप टिकला नाही. फाशी कायम झालेल्यांतला एक जण अटकेच्या वेळी १९ वर्षांचा होता. त्याच्यावरचा एक प्रमुख आरोप होता दोन बॅटऱ्या आणून दिल्याचा. त्या कशासाठी आहेत हे त्याला माहीत होतं का, यावर वाद होत राहिला. पुढे फाशीची जन्मठेप झाली आणि मे २०२२ मध्ये तो सुटला. साधन पुरवणाऱ्याच्या माथ्यावर किती दोष ठेवायचा, हा रामानुजांच्या भाष्यातला प्रश्न तिथे माणसाच्या जिवाशी जोडलेला होता.

आपल्या काळातल्या अर्थाने तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणावेत अशा माणसाने या प्रदेशात हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला तो १९०८ साली. तिरुत्तणी श्रीपेरुंबुदूरच्या वायव्येला, फार लांब नाही. तिथे जन्मलेला विशीतला एक विद्यार्थी मद्रास ख्रिश्चन कॉलेजात एम.ए. करत होता. वेदान्तात नीतीला जागाच नाही, जग माया म्हटल्यावर चांगलंवाईट कशाला, ही टीका तो मिशनऱ्यांकडून ऐकत होता. त्याने प्रबंधाचा विषयच घेतला वेदान्ताचं नीतिशास्त्र. ते सर्वपल्ली राधाकृष्णन. पुढे १९०९ पासून प्रेसिडेन्सी कॉलेज, १९१८ पासून म्हैसूर, १९२१ मध्ये कलकत्ता विद्यापीठातलं मानसशास्त्र व नीतिशास्त्राचं अध्यासन, १९३६ मध्ये ऑक्सफर्डला पौर्वात्य धर्म आणि नीतिशास्त्राचं अध्यासन. राष्ट्रपतिपदाच्या झगमगाटात आपण हे विसरतो, पण त्यांच्या दोन मोठ्या अध्यासनांच्या नावांतच नीती होती. १९२७ साली आलेल्या भारतीय तत्त्वज्ञानावरच्या दुसऱ्या खंडात त्यांनी रामानुजांवर सविस्तर लिहिलं. मन मात्र शंकराचार्यांकडे होतं, हे वाचताना जाणवतं.

त्याच १९०८ च्या जुलैत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. तिथे १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’चं दहावं प्रकरण आहे कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य. पूर्वकर्माने सगळं बांधलेलं असेल तर माणसाच्या हातात काय उरतं, हाच तिथला विषय. रामानुजांनी गीतेचं तात्पर्य भक्तीत पाहिलं, हे टिळकांना मान्य नव्हतं. पण माणूस मोकळा आहे हे सिद्ध करण्याची दोघांची तळमळ शेजारी ठेवून वाचावी अशी आहे. एक पारतंत्र्यातल्या देशाचा कैदी, दुसरा राजाच्या रोषाने परागंदा झालेला आचार्य. दोघेही स्वातंत्र्याचा शोध माणसाच्या आत घेत होते.

१९८३ साली सान फ्रान्सिस्कोत बेंजामिन लिबेट या शास्त्रज्ञाने केलेला प्रयोग इथे आठवल्यावाचून राहत नाही. माणसाने मनाला येईल तेव्हा मनगट हलवायचं, आणि हलवावंसं कधी वाटलं तो क्षण समोरच्या घड्याळावर टिपायचा. मेंदूतली तयारीची लहर हालचालीच्या साधारण अर्धा सेकंद आधी सुरू होत होती, आणि इच्छेची जाणीव मात्र सुमारे पाचवा हिस्सा सेकंद आधी. अनेकांनी यावरून इच्छास्वातंत्र्य संपल्याचं जाहीर केलं. लिबेट स्वतः तसं म्हणाले नाहीत. जाणिवेला उरलेल्या त्या इवल्याशा अवधीत कृती रोखता येते, असं त्यांचं मत होतं. म्हणजे ऊर्मी आतून कुठून तरी येते आणि जाणीव तिला संमती देते किंवा नाकारते. रामानुजांच्या मांडणीत जी जागा ईश्वराची, ती लिबेटच्या मांडणीत आपल्या जाणिवेला मिळाली. त्या लहरीचा नेमका अर्थ काय यावर आता मेंदूच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. पण आरंभ आणि अनुमती हे दोन भाग सुटे केल्याशिवाय प्रयोगशाळेलाही बोलता आलं नाही.

रामानुजांच्या पश्चात त्यांचेच अनुयायी या पहिल्या पावलावरून भांडले. वेदान्तदेशिकांच्या परंपरेने म्हटलं, जीवाने निदान धरून ठेवायला हवं, वानरीच्या पोटाला पिल्लू बिलगतं तसं. पिळ्ळै लोकाचार्यांच्या परंपरेने म्हटलं, मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. वडकलै आणि तेनकलै हे दोन पंथ आजही आहेत.

स्वतः रामानुज वागले कसे? चेन्नईहून श्रीपेरुंबुदूरला येताना वाटेत पूनमल्ली लागतं. तिथले तिरुक्कच्ची नंबी, संस्कृतात कांचीपूर्ण, जातीने ब्राह्मण नव्हते. रामानुजांनी त्यांना गुरुस्थानी मानलं, घरी जेवायला बोलावलं, आणि बायकोने विटाळ मानून जागा धुतली, याचं त्यांना अतोनात दुःख झालं, अशी कथा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारता’त रामानुजांच्या समतेच्या प्रयत्नांबद्दल आदराने लिहिलं, त्यात या कांचीपूर्णांचा उल्लेख होता.

आणि तिरुकोष्टियूरची कथा. तिथल्या नंबींकडे अष्टाक्षरी मंत्राचं रहस्य होतं. रामानुजांनी अठरा खेपा घातल्या तेव्हा कुठे ते मिळालं, आणि तेही कोणाला सांगणार नाही या वचनावर. रामानुज मंदिरात उंचावर चढले आणि जमलेल्या लोकांना त्यांनी ते सांगून टाकलं. ही कथा वेगवेगळ्या चरित्रांत वेगवेगळ्या तऱ्हेने येते, पण गुरूचा संताप आणि शिष्याचं उत्तर सगळीकडे ओळखीचं आहे. वचन मोडलंस, नरकात जाशील, असं गुरू म्हणाले. शिष्याने वचन मोडल्याचं नाकारलं नाही. वचनाला तशी किंमतच नसते, असंही तो म्हणाला नाही. एवढ्या लोकांचा उद्धार होत असेल तर मी एकटा नरकात जायला तयार आहे, असं त्याचं उत्तर होतं. अवघं विश्व ईश्वराचं शरीर मानणाऱ्या या माणसाजवळ अंतर्यामीने करवलं म्हणण्याची सोय होती, आणि ती त्याने वापरली नाही. नंबींनी त्याला जवळ घेतलं आणि ‘एंपेरुमानार’ म्हटलं. हे नाव तमिळ वैष्णव तोवर देवासाठी राखून ठेवलेल्या नावाच्याही वरचं मानतात, आणि रामानुजांना ते आजही त्याच नावाने हाक मारतात.